वरचे पाच

मृत्युंजय केबलच्या पत्रकावर ‘अमर्याद वापर’ असं लाल अक्षरांत छापलं होतं आणि त्याच्या खाली, मुंगीएवढ्या टायपात, ‘योग्य वापर धोरण लागू’. २००७ च्या दिवाळीनंतर आम्ही ते कनेक्शन घेतलं तेव्हा ती खालची ओळ मी वाचली होती. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करताना बाटलीवरचं लेबल शेवटपर्यंत वाचायची सवय लागली, ती गेली नाही.

मी फोन करून विचारलं, “योग्य म्हणजे किती?”

“वहिनी, योग्य म्हंजे योग्य,” मृत्युंजय म्हणाला. “तुम्ही काय सिनिमे उतरवणार हाय काय? मग कशाला घोर लावून घेताय?”

सिनेमे उतरवायचे नव्हते. पुण्याच्या एका कंपनीचं काम मी घरी बसून करत होते. परदेशी संशोधकांचे निबंध कंपनीकडून इंटरनेटवर यायचे. ते वाचायचे, त्यातल्या रेणूंच्या आकृत्या काढायच्या, थोडक्यात माहिती लिहायची आणि शनिवारी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा या वेळात आठवड्याची फाइल परत पाठवायची. काम नगावर होतं. कोल्हापुरात, आमच्या मंगळवार पेठेत, ते दोघीच करत होतो, मी आणि समोरच्या घरातली रक्षिता. विद्यापीठात आम्ही एका बाकावर बसलो होतो. ती लग्न होऊन या गल्लीत आली, नंतर मी आले, आणि काम लागलं तेही एकाच महिन्यात.

फेब्रुवारीत कंपनीचं पत्र आलं. कोल्हापुरातल्या दोघींपैकी एकीला कायम करणार होते, घरूनच काम करायचं, महिन्याचा पगार. मार्चमधल्या चार फाइली बघणार. उशीर कुणाला कमी वेळा झाला, ते आधी. उशीर सारखाच असेल तर चुका कुणाच्या कमी, ते नंतर.

ही नोकरी मला हवी होती. नेसरीहून एस.टी.ने येऊन शिकले, प्रयोगशाळेत पहिली आले, आणि लग्नानंतर आठ वर्षं माझ्या शिक्षणाचा उपयोग एवढाच होता की घरात कुणाला ताप आला की गोळीचं नाव मला विचारत. चुकांची मला भीती नव्हती. माझ्या शंभर आकृत्यांत एखादी चुकायची, रक्षिताच्या दोन-तीन.

पहिली फाइल दोघींची वेळेत गेली. दुसऱ्या शनिवारच्या आदल्या दिवशी दोघींनाही निबंध दुप्पट आले. शनिवारी दुपारी फाइल लावायला बसले तर माझा वेग पडलेला. एरवी सेकंदाला बत्तीस किलोबाइट जायचे, ते चार झाले. मी फोन केला. “लाइन लोड घेतीया,” मृत्युंजय म्हणाला. फाइल सहा वाजून चाळीस मिनिटांनी पोचली.

सायबर कॅफेतून पाठवायला कंपनीची मनाई होती, नाहीतर मी धावत गेले असते.

त्या संध्याकाळी रक्षिता गच्चीवर कपडे काढत होती. मी माझ्या गच्चीवरून विचारलं, “गेली का गं तुझी?”

“गेली की. कवाच.”

“वेळेत?”

“पाच वाजता. का गं, तुझी न्हाय गेली?”

मी “गेली” म्हणाले आणि खाली आले. उशिरा गेली हे तिला सांगितलं नाही.

आता एक गोष्ट सांगते म्हणजे पुढचं कळेल. मृत्युंजयची निळी वायर मिरजकर तिकटीच्या चौकातून गच्चीगच्चीवरून येत आमच्या पाण्याच्या टाकीपाशी एका छोट्या पेटीत शिरायची. त्या पेटीतून एक तुकडा आमच्या घरात उतरायचा आणि दुसरा रस्ता ओलांडून रक्षिताच्या खिडकीत जायचा. म्हणजे तिच्या घरी जाणारं सगळं आधी माझ्या दारावरून जात होतं. पेटी एक, वायर एक, प्लॅन एक. माझ्याकडे चार आणि तिच्याकडे बत्तीस, हे वायरीमुळे होणं शक्य नव्हतं. मग ते माणसामुळेच होत असणार.

माणूस शोधायला लांब जावं लागलं नाही. मृत्युंजय लिंगायत, रक्षिताही लिंगायत. ती त्याला ‘मृत्युंजयअण्णा’ म्हणायची आणि तो तिच्या दारात आला की आत जाऊन चहा पिऊन यायचा. आमच्याकडे तो उंबऱ्यावरून बिल द्यायचा. कोल्हापुरात कोण कुणाचा पावणा निघेल सांगता येत नाही.

मी वही केली. डाव्या बाजूला वेळ, मग वेग, मग शेरा. सकाळी सात ते रात्री दहा, दर तासाला पाच मेगाबाइटची एक ठरावीक फाइल उतरवून घ्यायची, घड्याळ लावायचं आणि भागाकार करायचा. चांगल्या दिवशी तिला दोन मिनिटं चाळीस सेकंद लागायचे. वाईट दिवशी एकवीस मिनिटं. आणि मोजायला लागल्यापासून सगळे दिवस वाईटच निघाले. चार. चार. चार. एकदा पाच.

शेऱ्याच्या रकान्यात मी रक्षिता लिहायचे. म्हणजे तिच्या खिडकीतून जे ऐकू यायचं ते. ‘११.००, गाणं, न अडखळता.’ ‘४.००, भावाशी बोलणं, आवाज स्पष्ट.’ ती थेट नेटवरून गाणी लावायची आणि ती सलग वाजायची. माझ्याकडे एक पान उघडेपर्यंत कुकरच्या तीन शिट्ट्या व्हायच्या. तिने नवी फिरती खुर्ची घेतली होती. खिडकीतून ती खुर्ची अर्धी दिसायची, वळताना. काम नसताना माणूस खुर्चीत एवढं कशाला वळेल?

मिस्टर, विजयसिंह, शिरोलीच्या फौंड्रीत आहेत. त्यांनी एका रविवारी वही चाळली.

“हे वेगाचं हाय का रक्षिताचं?” त्यांनी विचारलं.

“दोन्हीचं.”

“तू नेटवर काम करतीस का पाळत ठेवतीस?”

“नोंद नसली तर तक्रार कशी करणार?”

“ते व्हय. पण ‘खुर्ची दोन वेळा वळली’ ही कसली नोंद?”

मी वही काढून घेतली. तिसरी फाइल मी दहाच्या ठोक्याला पाठवायला लावली आणि ती दुपारी सव्वाबाराला कशीबशी पोचली. वेळेत. रक्षिताचीही वेळेत. आता एक फाइल उरली होती, शेवटची, आणि ती मोठी होती. मागच्या तिन्ही आठवड्यांतल्या दुरुस्त्या आणि सगळ्या आकृत्या मिळून नव्वद मेगाबाइट. बत्तीसच्या वेगाने अठ्ठेचाळीस मिनिटं. चारच्या वेगाने सहा तास चोवीस मिनिटं, आणि तीही मध्ये तुटली नाही तर. तुटली की पहिल्यापासून.

गुरुवारी सकाळी मी वही पिशवीत घातली आणि मृत्युंजयच्या ऑफिसात गेले.

ऑफिस म्हणजे पिठाच्या गिरणीवरची खोली. तीन पंखे, दोन कॉम्प्युटर, भिंतीवर बसवेश्वरांचा फोटो आणि सगळ्यावर पिठाचा पातळ थर. मृत्युंजय पन्नाशीचा, जाडजूड, कानात अत्तराचा बोळा. मी वही त्याच्यापुढे उघडली. अकरा दिवस, एकशे शहात्तर नोंदी.

त्याने दोन-तीन पानं उलटली. मग म्हणाला, “वहिनी, तुमी मास्तरीण हाय काय?”

“नाही. माझा वेग चार का, ते सांगा. आणि समोरच्या घरात बत्तीस का, तेही.”

“कुणी सांगितलं बत्तीस?”

“मला कळतं.”

त्याने कॉम्प्युटरवर काहीतरी दाबलं आणि पडदा माझ्याकडे फिरवला. “बघा. रोज सकाळी धा वाजता ही यादी काढतो मी. काल कुणी किती ओढलं, त्येची. साठ गिऱ्हाइकं हाईत. मला वरनं मिळतंय ते मोजकं. मग काय करायचं? वरच्या पाच जणांचा नळ बारीक करायचा. दुसऱ्या दिवशीच्या धापतूर. दुसऱ्या दिवशी नवी यादी, नवे पाच.”

“किती वापरलं की बारीक?”

“किती न्हाय. वरचे पाच.”

“म्हणजे सगळ्यांनी थोडंच वापरलं तरी पाच जणांचं बंद?”

“बंद कुठं? बारीक.”

“हे पत्रकावर का लिहीत नाही?”

मृत्युंजय हसला. “लिवलं तर समदी सहाव्या नंबरावर जाऊन बसतील की!”

साठही जण सहावे होऊ शकत नाहीत. पण मी ते बोलले नाही, कारण तोपर्यंत मी यादी वाचली होती. पहिल्या ओळीत विजयसिंहांचं नाव होतं. एकशे चाळीस मेगाबाइट. दुसरा एकशे अठरा. तिसरा, चौथा. पाचवा एक्क्याऐंशी. आणि सहाव्या ओळीत रक्षिताच्या नवऱ्याचं नाव, चौऱ्याहत्तर.

“अकरा दिस झालं, तुमी पैल्या नंबरावर हाय,” मृत्युंजय म्हणाला. “मलाच इचारायचं हुतं, घरात कोन पिच्चर उतरवतंय का काय.”

माझं काम दिवसाला साठ मेगाबाइटचं. उरलेले ऐंशी कुठून आले? सोळा वेळा पाच. भागाकार करायची गरजच नव्हती. ते मी स्वतः, दर तासाला, घड्याळ लावून उतरवत होते.

“मी मोजत होते,” मी म्हणाले.

“काय मोजत हुता?”

“वेग.”

मग त्याचं पोट आधी हललं आणि नंतर आवाज आला. “म्हंजे नळाला पानी येतंय का बघायला दिसभर नळ सोडून बसलाय व्हय! आन वर मलाच शिव्या!”

मी वही मिटली. जिना उतरताना कान गरम झाले होते. पण गिरणीच्या दारापर्यंत पोचले आणि दुसरी गोष्ट लक्षात आली. मी मोजायचं थांबवलं तर माझे साठ राहतात. मी पहिल्या नंबरावरून खाली जाते आणि माझ्या मागचे सगळे एकेक पायरी वर चढतात. सहावा पाचवा होतो.

म्हणजे अकरा दिवस तिची गाणी न अडखळता वाजत होती ती माझ्यामुळे. मी वर बसले होते म्हणून ती बाहेर होती. तिच्यावर जळत मी दर तासाला जी नोंद केली, त्या प्रत्येक नोंदीने तिचा नळ मोकळा ठेवला होता. मला याचा इतका राग आला की दूध घ्यायचं विसरून घरी आले.

त्या दिवशी मोजलं नाही. शुक्रवारीही नाही.

शुक्रवारी संध्याकाळी रक्षिता गच्चीवर आली. आमच्या गल्लीत बायकाही स्वतःला ‘आलो, गेलो’च म्हणतात, आणि रक्षिता तर गल्लीत सगळ्यांत मोठ्यांदा.

“उद्या पाठवली की सुटलो बाई!” ती ओरडली. “आज काय काम करत न्हाय. भाचीचं, शशीअण्णाच्या पोरीचं, गॅदरिंग हाय, तिच्या नाचाची गाणी उतरवत बसलोय. पंधरा झाली, अजून धा हाईत.”

एक गाणं चार-पाच मेगाबाइट. पंचवीस गाणी. मनात आकडा तयार झाला, शंभराच्या वर. त्यात तिचं रोजचं काम मिळवलं की उद्या दहा वाजता ती पाचांत, नव्हे पहिल्या दोघांत. ‘आज गाणी उतरवू नकोस’, एवढं म्हणायचं होतं. चार शब्द. माझा एक उशीर होता, तिचा एकही नाही. तिचाही एक झाला की आम्ही सारख्या, आणि मग चुका मोजणार.

“उतरव की,” मी म्हणाले. “छान आहेत गाणी.”

शनिवारी दहा वाजून गेल्यावर मी वेगाकडे बघितलं. बत्तीस. दहा चोपन्नला फाइल लावली, अकरा बेचाळीसला पोचल्याची पावती पडद्यावर आली. मी हात धुतले आणि भाकऱ्या केल्या. समोरच्या खिडकीत खुर्ची वळत नव्हती. साडेबारापासून तिथून एकही गाणं आलं नाही. मी भांडी घासली. ती आधीच घासलेली होती.

अडीच वाजता रक्षिता दारात उभी राहिली. केस सुटलेले, कपाळावर घाम.

“तुझं चालतंय का गं? माझं पार मेलंय. बारापासनं लावलोय, दोनदा तुटलं. मृत्युंजयअण्णा म्हणतोय लोड हाय.”

मी उंबऱ्यातच उभी होते. माझ्या मागे टेबलावर मॉडेमची छोटी पेटी होती आणि तिचा हिरवा दिवा पळत होता. मी अर्धं पाऊल डावीकडे सरकले.

“नाही गं,” मी म्हणाले. “माझंही हळूच आहे.”

“गेली न्हाय अजून तुझी?”

“नाही.”

हे बोलल्यावर ती कपाळाला हात लावून खाली बसेल असं मला वाटलं होतं. तिने मनगटावरचं घड्याळ बघितलं.

“मग चल. पेन ड्राइव्हवर घे आन चल.”

“कुठे?”

“हुपरीला. माझ्या माहेरी. शशीअण्णानं कारखान्यात फोनवालं ब्रॉडब्यांड घेतलंय, पैंजणाची डिझाइनं पाठवायला. घरचंच कनेक्शन, कंपनी काय बोलत न्हाय. तीनची गाडी गावंल.”

“तू जा. माझं राहू दे.”

“आगं खुळी का काय तू? नोकरी जाईल तुझी! आवर, चप्पल घाल.”

नाही म्हणायला कारण हवं होतं. सासूबाई गावाला गेल्या होत्या, स्वयंपाक झाला होता, घरात कुणी नव्हतं. एकच खरं कारण होतं आणि ते सांगता येत नव्हतं. मी आत गेले, अकरा बेचाळीसला पोचलेली फाइल पेन ड्राइव्हवर घेतली, हिरव्या दिव्यावर रुमाल टाकला आणि चप्पल घातली.

गाडीत बसायला जागा मिळाली. कागलचा रस्ता सुटल्यावर रक्षिताने खिडकीतून बाहेर बघतच म्हटलं, “एक सांगू? शिव्या दे, पण ऐक.”

“काय?”

“दुसऱ्या शनवारी माझंबी असंच मेलंतं. तवाबी मी तिकडंच गेलतो, हुपरीला. तिकडनं पाठवली.”

मी तिच्याकडे बघितलं. त्या दिवशीच्या माझ्या हिशेबात तिचा वेग बत्तीस होता. तो मी मोजला नव्हता, धरून चालले होते.

“मला का नाही सांगितलंस?”

“जाताना तुझ्या दारावरनंच गेलो. तू कॉम्प्युटरफुडं कपाळ धरून बसलीवतीस, दिसत हुतीस. हाक मारायची हुती. न्हाय मारली.” तिने बोटातली अंगठी फिरवली. “मलाबी पायजे ती नोकरी. तुझ्या चुका कमी असत्यात, म्हाईत हाय मला. म्हटलं, हिचा एक उशीर हू दे. मग गच्चीवर तू ‘गेली’ म्हणालीस आन मला बरं बी वाटलं आन वंगाळ बी. लागून राह्यलंतं ते. म्हणून आज म्हटलं, हिला सोडून जायचं न्हाय.”

कंडक्टर आला. तिने दोन तिकिटं काढली. मला पर्स उघडू दिली नाही.

तेव्हा सांगायला हवं होतं. मी पेन ड्राइव्ह मुठीत धरून बसले. ती माझ्यापेक्षा चांगली आहे असं मला वाटलं नाही, हे लिहून ठेवते. मला वाटलं, ही चांगुलपणातही माझ्या पुढे गेली. आता यातही.

हुपरीत उतरलो तेव्हा चार चाळीस झाले होते. तिच्या भावाचा, शशिधरचा, कारखाना म्हणजे घराची पुढची पडवी. आठ-दहा बायका ओळीने बसून पैंजणांच्या कड्या जोडत होत्या. चांदी उजळायच्या आम्लाचा वास ओळखीचा होता, विद्यापीठानंतर पहिल्यांदा आला. शशिधर दिसला नाही, चांदी आणायला गेला होता. वीज नव्हती, पाचपर्यंत भारनियमन. रक्षिताची आई, हिराबाई, बाहेर आल्या.

“बा यव्वा, बा, ये आत,” त्या मला म्हणाल्या. “हिचं तोंड का उतरलंय गं? उपाशी आणलीस काय पोरीला?”

“अव्वा, च्या कर. आन लाइट आल्याबिगर काय बोलू नगं, जीव टांगलाय.”

कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरच्या कडेला एक कागद चिकटवला होता. त्यावर वेग लिहिला होता, उतरण्याचा वेगळा, चढण्याचा वेगळा, स्पष्ट आकड्यांत. उतरायला आमच्या आठपट. चढायला मात्र आमच्याइतकाच, बत्तीस. म्हणजे एका फाइलीला अठ्ठेचाळीस मिनिटं.

पाच वाजून पाच मिनिटांनी पंखा फिरला. कॉम्प्युटर उघडेपर्यंत पाच आठ. मी बेरीज केली, पाच छप्पन. सहाच्या आत इथून एकच फाइल जाऊ शकत होती.

“घाल,” रक्षिताने खुर्ची माझ्याकडे ढकलली. “तुझं आधी.”

“तू लाव. तुझं घर आहे.”

“म्हणून तर तुझं आधी. हितं लई पळतंय, दोन्ही जात्यात.”

“पावणीचं आधी हू दे की,” हिराबाई चहाचे कप ठेवत म्हणाल्या. “आपल्या घरात आपुन मागनं. तसंच असतंय.”

त्या घरात पाहुण्याआधी कुणी कपाला हात लावत नसावं. दोघी माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. मी खुर्चीत बसले. पेन ड्राइव्ह हातात होता. तो लावायचा, पट्टी सरकायला लागली की गप्प बसायचं. पाच छप्पनला माझी फाइल दुसऱ्यांदा पोचली असती. रक्षिताची सहानंतर गेली असती. खोटं झाकलं गेलं असतं आणि नोकरी माझी झाली असती, तेही तिच्या आग्रहाने. मला काहीच करायचं नव्हतं. फक्त पाहुणीसारखं बसायचं होतं.

पाच दहा.

“माझी गेली आहे,” मी म्हणाले.

“काय?”

“माझी फाइल गेली आहे. सकाळी. अकरा बेचाळीसला. तुझी लाव, एकच जाईल, अठ्ठेचाळीस मिनिटं लागतात.”

पडवीतल्या एका बाईच्या हातातली पक्कड थांबली. रक्षिताने माझ्या खांद्याला धरून मला खुर्चीतून उठवलं, अगदी सामान हलवावं तसं, आणि स्वतः बसली. पट्टी सरकायला लागली. हिराबाईंनी कानडीत काहीतरी विचारलं, तिने एका शब्दात उत्तर दिलं. मला कानडी येत नाही. शब्द कळला, ‘खोटं’ या अर्थाचा.

मी भिंतीला टेकून उभी राहिले. निम्म्यात एकदा पट्टी अडली. पाच-सहा सेकंद ती हललीच नाही. मला बरं वाटलं. मी जे केलं ते करून झाल्यावरही मला बरं वाटलं, तेवढं खरं आहे. मग ती पुन्हा सरकली. पाच अठ्ठावन्नला पावती आली.

रक्षिता त्या रात्री माहेरीच राहणार होती. तरी मला गाडीवर बसवायला ती आली. थांब्यावर उभं राहून मी तिला सगळं सांगितलं. वही, दर तासाची फाइल, वरचे पाच, सहावा नंबर, आणि शुक्रवारची गाणी. क्रमाने सांगितलं, काही वगळलं नाही.

ती ऐकत होती. मग म्हणाली, “म्हंजे तू माझ्यावर जळून मोजत हुतीस, आन त्येच्यामुळं माझं पळत हुतं?”

“हो.”

“आन मोजायचं सोडलंस तवा मी पडलो.”

“हो.”

गाडी येऊन उभी राहिली. लोक चढायला लागले. रक्षिताने मला पाठीत धक्का दिला, मदतीचा की रागाचा ते कळलं नाही.

“जळायचं हुतं तर नीट जळत राह्यचं की गं,” ती म्हणाली. “मधीच कशाला सोडलंस?”

एप्रिलच्या दहा तारखेला कंपनीचं पत्र आलं. रक्षिताला कायम केलं. माझं काम नगावरच राहिलं. तिने गल्लीत पेढे वाटले, माझ्याकडे शेवटी आली आणि बॉक्स तसाच टेबलावर ठेवून गेली, बसली नाही. दोन महिने आम्ही गच्चीवर एकमेकींच्या वेळा टाळल्या. तिने दुसरं टेबल घेतलं, सागवानी. ते वर चढवताना जिन्यात अडकलं तेव्हा मी खिडकीत होते आणि ते अडकून राहावं असं मला मनापासून वाटलं. ते गेलं.

मृत्युंजयने अजून पत्रक बदललेलं नाही. ‘योग्य’ तसंच आहे. तिची फाइल शनिवारी जाते, नियमाने, आता दर आठवड्याला मोठी. मी शुक्रवारी सकाळी सातला ती पाच मेगाबाइटची फाइल लावते, घड्याळ लावते, आकडा लिहिते. रात्री दहापर्यंत सोळा वेळा. शनिवारी दहाच्या यादीत मी वर असते आणि माझा वेग चार होतो. माझी छोटी फाइल मी दहाच्या आधी लावू शकत नाही, म्हणून ती दुपारपर्यंत रांगत जाते आणि जाते. शेऱ्याचा रकाना मी कोरा ठेवते.

हे तिला मी सांगितलं नव्हतं. पण ती एम.एस्सी. आहे. जूनमधल्या एका शनिवारी अकराच्या सुमाराला समोरची खिडकी उघडली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा आवाज आला.

“क्रांती! बारीक हाय का गं आज?”

मी उत्तर देणार नव्हते.

“आहे,” मी म्हणाले.

“किती?”

“चार.”

“माझं बत्तीस हाय!” खुर्ची अर्धी वळली. “जळ!”

आणि तिने गाणं लावलं. ते एकदाही अडखळलं नाही.